घास का अडतो? लिनशियान तालुक्याची हकीकत

आजचा धडा एका रोगाचा आहे. धडा जरा लांब आहे. एका बैठकीत वाचून झाला नाही तरी हरकत नाही, दोन रात्री घ्या. शब्द अवघड वाटला की तिथे बोट ठेवा आणि सावकाश पुन्हा वाचा.

आपण घास चावतो आणि गिळतो. गिळलेला घास कुठून जातो? घशापासून पोटापर्यंत एक नळी आहे. तिला अन्ननलिका म्हणतात. अन्न-नलिका, म्हणजे अन्नाची नळी. ती साधारण वीतभर लांब असते. श्वासाची नळी पुढे आणि ही तिच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून. ही नळी लोखंडी पाइपासारखी ताठ नसते. ती मऊ असते. घास आला की रुंदावते, घास पुढे सरकला की मिटते. म्हणून तर भाकरीचा मोठा तुकडासुद्धा सुखरूप खाली उतरतो.

हा मऊपणा चांगला आहे, पण त्यातच घात आहे. नळीच्या आतल्या अस्तरावर गाठ वाढू लागली, तरी नळी ताणते आणि घासाला वाट करून देते. माणसाला काही कळत नाही. सुरुवातीला बहुधा दुखतही नाही. गाठीने बरीचशी वाट अडवली की मग पहिल्यांदा भाकरी अडते. माणूस म्हणतो, "घाईत जेवलो." पाण्याचा घोट घेतो आणि घास उतरतो. मग तो भाकरी कालवणात कुस्करून खाऊ लागतो. पुढे भाकरी सुटते आणि भात येतो. भात सुटतो आणि पेज येते. शेवटी पाणीही उतरेनासे होते. या रोगाला अन्ननलिकेचा कर्करोग किंवा कॅन्सर म्हणतात.

आमच्या गावातल्या एका शेतकऱ्याने असेच पाच महिने काढले. "पित्त झालंय," म्हणत रोज सोडा घेत होते. घरच्या बाईच्या मात्र ध्यानात आले होते. ती म्हणायची, "अवो, तुमच्या ताटातली भाकर उरते कशी?" पेजेवर आले तेव्हा मुलाने त्यांना मुंबईला नेले. तोवर शस्त्रक्रियेची वेळ निघून गेली होती.

म्हणून पुढची हकीकत वाचण्याआधी एवढे ध्यानात ठेवा. घास वारंवार अडू लागला तर पंधरा दिवससुद्धा थांबू नका. सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टरांना स्पष्ट सांगा, "घास अडतो." नुसते "पित्त आहे" म्हणू नका. घास अडण्याची कारणे दुसरीही असतात, आणि पुष्कळदा ती साधी निघतात. पण ते दुर्बिणीने आत पाहिल्यावाचून ठरत नाही. बारीक नळीच्या टोकाला दिवा आणि कॅमेरा असतो. ती नळी तोंडातून आत सोडून डॉक्टर अन्ननलिका पाहतात. थोडा त्रास होतो, ओकारी आल्यासारखे वाटते. काही मिनिटांचे काम असते.

आता प्रश्न असा. घास अडू लागतो तेव्हा बहुधा उशीर झालेला असतो. मग अडण्याच्या आधीच रोग हुडकता येईल का? आणि सापडला तर त्यावर उपाय खरोखर लागू पडतो, हे कशावरून ठरवायचे? या दोन्ही प्रश्नांची उत्तरे शोधण्यात एका डोंगरी तालुक्यातल्या शेतकऱ्यांचा मोठा वाटा आहे. हा तालुका आपल्याकडचा नाही. तो चीन देशात आहे. त्याचे नाव लिनशियान. लिन-शियान.

चीनच्या हेनान प्रांतात ताइहांग नावाचे डोंगर आहेत. त्यांच्या कुशीत हा तालुका वसलेला आहे. १९९४ सालापासून त्याला लिनचौ म्हणतात, पण जगभरचे डॉक्टर त्याला जुन्याच नावाने ओळखतात. जमीन खडकाळ आणि पाण्याचे हाल. १९६० साली तिथल्या लोकांनी कडे फोडून दुसऱ्या प्रांतातल्या नदीचे पाणी आणायला घेतले. ते काम १९६९ साली पुरे झाले. लाल झेंड्याचा कालवा म्हणून तो प्रसिद्ध आहे. दुष्काळी भागातल्या आपल्या वाचकांना त्या कामाचे मोल वेगळे सांगायला नको.

पाण्याइतकेच तिथे दुसरे एक दुःख होते. लोक त्याला घास अडण्याचा रोग म्हणत. पिढ्यानपिढ्या तो घराघरात होता. धडधाकट माणूस चाळिशी-पन्नाशीत जेवेनासा होई आणि वर्षाच्या आत जाई. जगात हा रोग जिथे सर्वांत दाट होता, अशा ठिकाणांत लिनशियानची गणना होते. नवलाची गोष्ट म्हणजे तिथल्या कोंबड्यांच्या अन्ननलिकेतही कॅन्सर सापडला. कोंबडी घरातले उष्टे-खरकटे खाते. म्हणजे खाण्यापिण्यात काही तरी आहे, असा संशय बळावला. लोकांच्या जेवणात ताजी फळे आणि भाजी थोडी, आंबवून ठेवलेली भाजी पुष्कळ. घरात दगडी कोळशाचा धूर. पण नेमके एकच कारण काही हाती लागले नाही.

आपल्याकडची कारणे बरीच ठाऊक आहेत. तंबाखू, मग ती चघळा, ओढा किंवा मिश्री करून दाताला लावा. आणि दारू. दोन्ही एकत्र असली तर धोका फारच वाढतो. चहाबद्दलही सांगायला हवे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१६ साली जाहीर केले की ६५ अंशांहून अधिक कढत पेय पिण्याने या रोगाचा धोका वाढत असावा. दोष चहाचा नाही, चटक्याचा आहे. चहा बशीत ओतून, फुंकर घालून पिणाऱ्यांना शहरातले लोक हसतात. त्यांना हसू द्या.

तर लिनशियानमध्ये रोग आधी हुडकायचा कसा? १९६० च्या सुमारास शेन चिओंग नावाच्या डॉक्टरांनी एक युक्ती काढली. एका बारीक नळीच्या टोकाला फुगा बसवला आणि फुग्यावर जाळी ओढली. फुगा मिटलेला असताना माणसाने तो गिळायचा. खाली पोहोचला की नळीतून हवा भरून फुगवायचा आणि हळूहळू वर ओढायचा. वर येताना जाळी अस्तराला घासते. अस्तराचे बारीक कण तिला चिकटतात. ते काचेवर पसरून सूक्ष्मदर्शक यंत्राखाली पाहायचे. वीज नाही, मोठे इस्पितळ नाही, अशा खेड्यातही हे करता येत होते. हजारो लोकांची तपासणी अशी झाली.

इथे एक शब्द समजून घेऊ. आपण धान्य चाळतो. चाळणीत खडा राहतो, दाणा खाली पडतो. तक्रार नसलेल्या धडधाकट माणसांना अशीच एक चाळणी लावायची आणि ज्यांच्यात रोगाची खूण दिसते त्यांना बाजूला काढून नीट पाहायचे. याला इंग्रजीत स्क्रीनिंग म्हणतात. आपण चाळणी-तपासणी म्हणू. पण चाळणीची भोके मोठी असली तर खडाही खाली पडतो. फुग्याच्या चाळणीचे तसेच झाले. पुढे १९९० नंतर फुग्याची तपासणी आणि दुर्बीण अशी दोन्ही एकाच माणसांवर करून ताडून पाहिली. तेव्हा दिसले की अस्तर बिघडलेल्या माणसांपैकी निम्म्याहून जास्त माणसे फुग्याच्या हातून सुटत होती. "तुम्हाला काही नाही, घरी जा," असे त्यांना सांगितले गेले असणार. चुकीचा दिलासा हीसुद्धा एक इजाच असते.

दुर्बीण आली तरी काम सोपे नव्हते. सुरुवातीचा बिघाड डोळ्यांना दिसत नाही, आजूबाजूच्या अस्तरासारखाच दिसतो. तेव्हा डॉक्टरांनी आयोडीन वापरले. जखमेवर लावतात ते तपकिरी औषध सर्वांनी पाहिले असेल, त्याच्याच कुळातले हे. निरोगी अस्तरात एका जातीची साखर साठवलेली असते. आयोडीन फवारले की ते अस्तर तपकिरी होते. बिघडलेल्या जागी ती साखर उरलेली नसते, म्हणून तेवढा डाग फिक्काच राहतो. सारवलेल्या भिंतीवर न सारवलेला तुकडा उठून दिसावा तसा तो दिसतो. लिनशियानमध्येच याची मोजणी झाली आणि ती १९९८ साली प्रसिद्ध झाली. आयोडीनशिवाय १०० पैकी ६२ गंभीर बिघाड डॉक्टरांना दिसले होते. आयोडीन लावल्यावर ९६ दिसले. स्वस्तातले औषध, पण काम केवढे!

मग पुढचा प्रश्न. बिघाड दिसला म्हणजे कॅन्सर होणारच का? १९८७ साली लिनशियानमधल्या ६८२ माणसांची दुर्बिणीने तपासणी करून अस्तराचा तुकडा काढून पाहिला होता. त्यानंतर साडेतेरा वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले. आम्ही शाळेत चौतीस वर्षे गणित शिकवले, तेव्हा आकडे आले की आमची जीभ जरा सैल सुटते. पण हे आकडे वाचाच. ज्यांचे अस्तर नीट होते त्यांच्यापैकी १०० मागे ८ जणांना पुढे हा कॅन्सर झाला. थोडा बिघाड होता त्यांच्यात २४ जणांना. मध्यम बिघाड होता त्यांच्यात ५० जणांना. आणि मोठा बिघाड होता त्यांच्यात ७४ जणांना. उलट बाजूनेही पाहा. मोठा बिघाड असलेल्या १०० पैकी २६ जणांना तेवढ्या वर्षांत कॅन्सर झाला नाही. बिघाड ही खूण आहे, निकाल नव्हे. कोणाला उपचार करायचा आणि कोणावर नुसती नजर ठेवायची, हे अशा मोजणीवरून ठरते.

बिघाड अस्तरापुरताच असेल तर पोट-छाती उघडावी लागत नाही. दुर्बिणीतूनच तो पातळ पापुद्र्यासारखा सोलून काढता येतो किंवा जाळता येतो. माणूस थोड्याच दिवसांत कामाला लागतो.

याने खरोखर जीव वाचतात का, हे त्सिशियान या दुसऱ्या तालुक्यात पाहिले गेले. तो शेजारच्या हेबेई प्रांतात, त्याच डोंगररांगेजवळ आहे. तिथे १४ गावांतल्या ४० ते ६९ वयाच्या लोकांना १९९९-२००० साली दुर्बिणीच्या तपासणीला बोलावले. ६,८२७ जणांना बोलावणे गेले आणि ३,३१९ जण आले. निम्मे घरीच राहिले. दुर्बीण गिळायची म्हटल्यावर माणूस बिचकणारच. दुसरीकडच्या १० गावांत तपासणी केली नाही, नुसती नोंद ठेवली. दहा वर्षांनी हिशेब केला. तपासणी नसलेल्या गटात दर हजारी सुमारे ५० माणसे या रोगाने गेली होती. तपासणीच्या गटात सुमारे ३३.

फरक मोठा आहे. पण शंका घेणारा माणूस विचारील, "त्या १४ गावांतले लोक मुळातच जास्त सुखवस्तू असतील तर? त्यांचे खाणे बरे असेल तर?" ही शंका रास्त आहे. कारण गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. म्हणूनच २०१२ साली हेनान प्रांतातल्या हुआशियान तालुक्यात नवी परीक्षा मांडली गेली. तिथे ६६८ गावे घेतली, आणि कोणत्या गावात दुर्बिणीची तपासणी करायची व कोणत्या गावात नाही हे चिठ्ठ्यांनी ठरवले.

चिठ्ठ्या कशाला? औषधपाण्याच्या कामात हा जुगार कसला? असे पुष्कळांना वाटते. शेतकऱ्याला मात्र हे लवकर समजेल.

समजा, दुकानदाराने ज्वारीचे नवे बी दिले. म्हणाला, मालदांडीपेक्षा दीडपट पिकते. तुम्ही नवे बी विहिरीजवळच्या काळ्या रानात पेरले आणि मालदांडी माळावर पेरली. नव्याचे पीक जास्त आले. यावरून बी चांगले ठरले का? नाही. रान चांगले होते. उलट, एकाच रानाचे सारखे वाफे पाडले, चिठ्ठी टाकून कोणत्या वाफ्यात कोणते बी हे ठरवले, खतपाणी सगळ्यांना सारखे दिले, आणि मग दाणे मोजले, तर दुकानदाराचे खरे-खोटे कळते. ही रीत आली तीच मुळी शेतीतून. इंग्लंडात रोथॅमस्टेड येथे शेतीचे संशोधन केंद्र आहे. तिथे १९२० नंतरच्या वर्षांत रोनाल्ड फिशर या गणितज्ञाने ती पक्की केली. डॉक्टरांनी ती पुढे उचलली. क्षयरोगावरचे स्ट्रेप्टोमायसीन औषध अशाच चिठ्ठ्यांच्या रीतीने तपासले गेले. तो निकाल १९४८ साली छापून आला. नव्या उपचाराच्या अशा परीक्षेला क्लिनिकल ट्रायल म्हणतात.

आता पुन्हा लिनशियानला चला. तिथल्या लोकांच्या रक्तात काही जीवनसत्त्वे कमी होती. तेव्हा डॉक्टरांना वाटले, ती गोळीतून दिली तर रोग टळेल का? चीन आणि अमेरिका या दोन देशांच्या कर्करोग संस्थांनी मिळून परीक्षा मांडली. चार गावसमूहांतली ४० ते ६९ वयाची २९,५८४ माणसे तीत होती. १९८६ च्या मार्चपासून १९९१ च्या मेपर्यंत, सव्वापाच वर्षे, ही माणसे रोज एक गोळी घेत होती. गोळ्यांच्या मिश्रणाचे चार प्रकार होते. पहिल्यात अ जीवनसत्त्व आणि जस्त. दुसऱ्यात ब गटातली दोन जीवनसत्त्वे. तिसऱ्यात क जीवनसत्त्व आणि मॉलिब्डेनम नावाचा क्षार. चौथ्यात बीटा-कॅरोटीन, ई जीवनसत्त्व आणि सेलेनियम. बीटा-कॅरोटीन म्हणजे गाजराला रंग देणारे द्रव्य. माणसांचे आठ गट पाडले होते. सहा गटांना दोन-दोन प्रकार, एका गटाला चारही, आणि एका गटाला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाच्या वाट्याला काय आले, हे परीक्षा संपेपर्यंत उघड करायचे नाही अशी रीत असते. नाही तर औषध घेणाऱ्याला उगाच बरे वाटते, आणि मोजणाऱ्याचा हातही नकळत झुकतो. आम्ही पेपर तपासताना नावावर कागद लावत होतो, तो याचसाठी.

त्या सव्वापाच वर्षांत २,१२७ माणसे वारली. त्यांपैकी जवळजवळ एक तृतीयांश अन्ननलिकेच्या किंवा जठराच्या कॅन्सरने गेली. गाव किती पोळलेले होते ते यावरून समजा.

निकाल १९९३ साली आला. पहिल्या तीन मिश्रणांनी मृत्यू काही कमी झाले नाहीत. चौथ्याने झाले. ते न घेणाऱ्यांत जिथे १०० मृत्यू, तिथे ते घेणाऱ्यांत ९१. जठराच्या कॅन्सरचे मृत्यू १०० च्या जागी ७९. पण ज्या रोगासाठी मुख्यतः हा सारा खटाटोप, त्या अन्ननलिकेच्या कॅन्सरमध्ये म्हणण्यासारखा फरक पडला नाही.

गोळ्या १९९१ साली थांबल्या, पण माणसांची नोंद थांबली नाही. ती पुढे पंचवीस वर्षे चालू राहिली. २००९ साली एक विचित्र गोष्ट छापून आली. गोळ्या सुरू करताना ज्यांचे वय ५५ च्या खाली होते, त्यांच्यात चौथ्या मिश्रणाने अन्ननलिकेच्या कॅन्सरचे मृत्यू १७ टक्क्यांनी कमी झाले. आणि ज्यांचे वय ५५ किंवा अधिक होते, त्यांच्यात ते १४ टक्क्यांनी वाढले. एकच गोळी, एकाला तारक आणि दुसऱ्याला मारक! बहुधा म्हाताऱ्या माणसांत बिघाडाने आधीच मूळ धरलेले असावे.

फिनलंड देशात याहून वाईट अनुभव आला. तिथे सिगारेट ओढणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर परीक्षा झाली. गाजरातले तेच बीटा-कॅरोटीन गोळीतून दिले. वाटले होते, फुप्फुसाचा कॅन्सर कमी होईल. १९९४ साली निकाल आला तेव्हा तो १८ टक्क्यांनी वाढलेला होता. गाजर खाण्याला कोणी ना म्हणत नाही. पण गाजरातले एक द्रव्य वेगळे काढून मोठ्या मापाने दिले की ते वेगळेच वागते. चिठ्ठ्यांची परीक्षा झाली नसती, तर "जीवनसत्त्व आहे, अपाय कसला?" म्हणून ती गोळी लाखो लोकांना वाटली गेली असती. बाजारात "कॅन्सरवर रामबाण" म्हणून पुड्या विकणारा माणूस भेटला तर त्याला एवढेच विचारा, "बाबा रे, किती माणसांना दिलीस, किती माणसांना दिली नाहीस, आणि दोन्हींकडचे किती जगले?"

ज्यांना रोग झालेलाच आहे, त्यांच्या उपचाराचीही अशीच परीक्षा होते. तिथे औषध नसलेल्या गोळीवर रुग्णाला सोडून देत नाहीत. चालू असलेला चांगला उपचार एका गटाला आणि नवा उपचार दुसऱ्या गटाला, अशी तुलना असते. युरोपात नेदरलँड्स देशात २००४ ते २००८ या काळात ३६६ रुग्णांवर अशी परीक्षा झाली. सर्वांना अन्ननलिकेचा कॅन्सर होता आणि शस्त्रक्रिया करता येण्याजोगी होती. चिठ्ठीने दोन गट झाले. एकाची सरळ शस्त्रक्रिया. दुसऱ्याला आधी पाच आठवडे औषधे आणि किरणांचा उपचार, मग शस्त्रक्रिया. निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. पहिल्या गटातले निम्मे रुग्ण २४ महिने ओलांडू शकले. दुसऱ्या गटात तो आकडा ४९ महिने निघाला. दुप्पट! आपल्याकडे आणि चीनमध्ये ज्या जातीचा कॅन्सर जास्त आढळतो, त्या जातीत तर फायदा अधिकच दिसला. आज जगभर डॉक्टर शस्त्रक्रियेआधी किरण आणि औषधे देतात, त्यामागे त्या ३६६ माणसांची चिठ्ठी आहे.

आपल्या देशात या रोगाची चाळणी-तपासणी गावोगाव होत नाही. सरकारी कार्यक्रमात तिशीपुढच्या लोकांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयाचे मुख यांच्या कॅन्सरची तपासणी आहे. आरोग्य केंद्रात ती जरूर करून घ्या. अन्ननलिकेची तीत नाही. दुर्बिणीची तपासणी महाग आहे, आणि आपल्या बहुतेक भागांत हा रोग लिनशियानइतका दाट नाही. हजारो निरोगी माणसांना दुर्बीण गिळायला लावून मोजके रोगी सापडतील. तेव्हा आपल्या हाती आहे ती आपली आपण ठेवायची नजर: घास अडतो का, वजन उतरते का.

पण परीक्षा मात्र आपल्याकडे होतात. मुंबईचे टाटा रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तिथे नव्या उपचारांच्या परीक्षा नेहमी चालतात. सोलापूर जिल्ह्यात बार्शीला १९८७ पासून खेड्यांतल्या कॅन्सर रुग्णांची नोंद ठेवली जाते. खेड्यांसाठीची देशातली ती पहिली नोंदवही. उद्या तुमच्या घरचा माणूस अशा इस्पितळात गेला आणि डॉक्टर म्हणाले, "एक नवा उपचार पारखून पाहतो आहोत. तुम्ही सामील व्हाल का?" तर काय करायचे?

आधी कागद मागायचा. त्याला संमतिपत्र म्हणतात. संमती, म्हणजे आपण राजीखुशीने दिलेला होकार. २०१९ साली भारत सरकारने नव्या औषधांच्या परीक्षेचे नियम केले. त्याप्रमाणे माहितीचा कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेत हवा. तो मराठीत मागा. ज्याला वाचता येत नाही त्याला तो वाचून दाखवताना त्रयस्थ साक्षीदार हजर हवा. तो साक्षीदार परीक्षा करणाऱ्यांपैकी असता कामा नये. सही केल्यावर कागदाची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. परीक्षेमुळे इजा झाली तर उपचार फुकट आणि भरपाईचाही हक्क आहे. आणि मधूनच "नको" म्हणता येते. तसे म्हटले म्हणून इस्पितळाने नेहमीचा उपचार बंद करायचा नसतो.

नियम असला म्हणजे तो पाळला जातोच असे नाही. २००९-१० साली, त्या वेळच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवरची लस टोचली गेली. ती पाहणीच होती. कित्येक मुली आदिवासी होत्या, आश्रमशाळांच्या वसतिगृहांत राहत होत्या. संमतिपत्रांवर आईबापांच्या ऐवजी वसतिगृहाच्या अधिकाऱ्यांनी सह्या केल्या. काही कागदांवर नुसते अंगठे होते. संसदेच्या समितीने २०१३ साली यावर कडक ताशेरे ओढले. लस वाईट होती असे आम्ही म्हणत नाही. ती लस आज अनेक देशांत देतात. पण ज्या मुलीच्या दंडात सुई गेली, तिच्या आईला कोणी विचारले नव्हते.

म्हणून त्या कागदात काय शोधायचे ते सांगतो. या उपचाराला परीक्षा म्हटले आहे का? चिठ्ठीने गट पडणार आहेत का? पडणार असतील तर दुसऱ्या गटाला काय मिळणार? आपण सामील झालो नाही तर नेहमीचा उपचार कोणता? कोणते त्रास होऊ शकतात? किती वेळा इस्पितळात यावे लागेल, आणि एस.टी.चे भाडे कोण देणार? शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. रात्री काही झाले तर फोन कोणाला करायचा? त्या माणसाचे नाव आणि नंबर कागदावर असला पाहिजे. परीक्षेची नोंदही सरकारी नोंदवहीत झालेली असते, तिचा क्रमांक विचारा. २००९ सालापासून ही नोंद सक्तीची आहे.

डॉक्टर घाईत असतील. म्हणतील, "इथे सही करा, बाकी आम्ही पाहतो." तुम्ही शांतपणे म्हणा, "साहेब, मला वाचता येतं. पण सावकाश येतं. कागद घरी नेतो, दोन दिवसांनी येतो." चांगला डॉक्टर याला नाही म्हणणार नाही. घरी तो कागद मोठ्याने वाचा, म्हणजे घरातल्या साऱ्यांच्या कानावर पडेल. न कळलेल्या ओळीखाली पेन्सिलीने रेघ मारा. परत जाल तेव्हा त्याच ओळी डॉक्टरांपुढे ठेवा.